जेवणारा भीम

आमच्या मशीनला तेल कधीच कमी पडलं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं.

खोडाळा गावच्या बोहाड्यात, देवादिकांचे मुखवटे नाचवायच्या उत्सवात, भीमाचं सोंग आमच्या घराकडे. त्याचा मुखवटा आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः कोरायचे. यंदा जुना मुखवटा वाळवीने खाल्ला आणि आबांच्या हातांना कंप सुटलेला. पटाशी टेकवायची एकीकडे आणि ती जायची भलतीकडे. आबा हात टॉवेलखाली झाकून बसत. मला ते बघवत नव्हतं. म्हणून कंप्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन आणून पडवीत बसवलं. आबांनी चेहरा सांगायचा, मी कंप्युटरवर काढायचा, मशीनने कोरायचा. म्हणजे मुखवटा आबांचाच.

मशीनबरोबर माहितीपुस्तिका आली होती. ती मी वाचली नाही. (मी कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांना 'आधी सूचना वाचा' असं सांगतो.) आठवडाभर फळकुटांवर सराव चालला. मशीन कुरकुरलं की मी शिलाई मशीनचं तेल सोडायचो आणि कामावर जायचो.

मग सावरीच्या लाकडाचा वाळलेला ठोकळा लावला. डोळे झकास उतरले, नाक तर आबांनी बोट फिरवून पसंत केलं. त्यानंतर मशीन कण्हलं, अडकलं, हिसका देऊन पुन्हा चालू झालं. जिथे पोचायला हवं होतं तिथे ते पोचलंच नव्हतं, पण त्याला वाटलं पोचलो. पुढचं सगळं त्याने तसंच सरकवून कोरलं. भीमाचं तोंड डाव्या गालावर आलं.

"याला एवढं तेल कोणी घातलं?" मी ओरडलो. सगळ्या दांड्यांवर तेलात भिजलेल्या भुशाचा गोळा बसला होता, नागलीचं पीठ मळून ठेवावं तसा.

"मी नाय घालणार तं कोण? तुला कुठं ध्यान," आई म्हणाली. "खुरासणीचं घातलं, घाण्याचं. सांधं मोकळं होतात त्यानं."

बायको नुकतीच शाळेतून शिकवून आली होती. "आई, तुम्हीपण? मी रोज शाळेत जायच्या आधी खोबरेल घालत होते."

आबांनी पायाने ग्रीसचा डबा हळूच खाटेखाली सरकवला.

चौघांनी जीव लावला होता आणि भुसा झटकायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं! बोहाडा दोन दिवसांवर. दुसरा ठोकळा अजून ओला. आबा मुखवटा मांडीवर घेऊन बसले.

"औंदा भीम नाय निंगाला तं लोक म्हणतील, म्हातारा संपला," ते म्हणाले. मी नुसताच भुसा झाडत राहिलो.

आईने जाता जाता मुखवट्याकडे पाहिलं. "जेवतोय वाटतं," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आबांनी मुखवटा उजेडाकडे फिरवून तो गाल पाहिला. मग त्यांनी रंग मागवले. कोरायला नको असलेली थरथर रंगाला चालली. मिशीचे केस आपोआप विस्कटलेले आले, हनुवटीवर लाडवाचा चुरा सांडला, गाल घासाने फुगला.

बोहाड्याला तो मुखवटा मी चढवला. संबळ वाजला, मी मशालीच्या उजेडात आलो आणि लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. "वाढा रं त्याला अजून," कोणीतरी म्हणालं. मुखवट्याच्या भोकांतून मला आबा दिसले. टॉवेल खांद्यावर, आणि दोन्ही हातांनी टाळ्या. माझे डोळे भरून आले. भीम घास चावत होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

आता जामसर गावच्या मंडळींना त्यांच्या बोहाड्याला अगदी तस्साच भीम हवा आहे. मी पुस्तिका वाचली, मशीन पुसलं, तेल बेताचं दिलं. तोंड कंप्युटरवर मुद्दाम गालावर सरकवलं. मशीनने ते न कुरकुरता कोरलं, पण हा भीम जेवत नव्हता, त्याची दाढ दुखत होती.

आबांनी तो उलटसुलट पाहिला आणि खाली ठेवला.

"मुद्दाम बिघडवाया जाऊ नको, पोरा," ते म्हणाले. "तू आपला नेहमीसारखा मन लावून कर. आपोआप बिघडंल."