शेवटचा चौकोन

आमच्या गारखेड्यात लग्नांचे व्हिडिओ काढणारा एक जण आहे. पहिल्या भेटीला तो कॅमेरा कधीच आणत नाही. वहीत चौकोन आखून एकेकात व्हिडिओचा एकेक प्रसंग चितारतो, चहात बिस्कीट बुडवून विसरतो आणि विचारतो, "गोष्ट कुणाची, काका? ते ठरल्याबिगर मी बटन दाबत नाय."

आमच्या पोरीच्या लग्नाआधीही त्यानं हेच विचारलं. मी म्हणालो, "नवरीचीच की!" तो हसला आणि वहीत काहीतरी चितारत बसला.

पाठवणीला सगळे गाडीभोवती रडत होते आणि हा बाबा कॅमेरा घेऊन माझ्यासमोर! मी वैतागून त्याला हाकललं.

परवा तो व्हिडिओ दाखवायला आला. शेवटी मी एकटाच उभा, हातात पोरीच्या जुन्या चपला. कधी उचलल्या, मला पत्ताच नाही. तेवढ्यात त्याच्या उघड्या वहीकडं लक्ष गेलं आणि मी ती ओढूनच घेतली. पानावर तारीख आमच्या पहिल्या भेटीची, लग्नाच्या महिनाभर आधीची. शेवटच्या चौकोनात एक माणूस, हातात चपलांचा जोड.

"तुला कसं कळलं रे?"

"पहिल्या दिवशी बोलता बोलता तुम्ही तिच्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या, काका. तवाच शेवट सापडला."