क्षितिजाची हजेरी

इंदूरच्या राजेंद्र नगरात गोपीनाथ सरांच्या इंग्रजी क्लासात हजेरीला ‘येस सर’ चालत नसे. नाव पुकारलं की आज आपलं मन कसं आहे ते एका इंग्रजी शब्दात सांगायचं, आणि एकदा वापरलेला शब्द पुन्हा घ्यायचा नाही. ‘हॅपी’ आणि ‘सॅड’ लगेच संपायचे. मग कुणी ‘ग्लूमी’ व्हायचं, कुणी ‘स्टबर्न’. आमच्यातला एक भिया, म्हणजे इंदुरी भाऊ, पोटभर कचोरी हाणून ‘मेलन्कली’ असायचा. सर खूश. शब्द नवा असला की त्या माणसाला पुढचं काही दिसत नसे, हे मी चिडूनच लिहितोय.

क्षितिजा त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती या हजेरीतच वाढली. लग्न होऊन नागपूरला गेली तरी रविवारी क्लास चालू असताना तिचा फोन यायचा आणि सर आधी हजेरी मागायचे. ती एक शब्द द्यायची. सर तो फळ्यावर लिहायचे आणि आम्ही त्याची वाक्यं करायचो.

सुरुवातीला ‘चिअरफुल’, ‘होमसिक’ असे शब्द आले. पुढे ‘अँक्शस’, ‘हेल्पलेस’. एका रविवारी ती ‘टेरिफाइड’ म्हणाली. सरांनी स्पेलिंग विचारलं, तिनं बरोबर सांगितलं. शाबास म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि आम्हाला सुनावलं की पोरगी सासरी जाऊनही शब्द वाढवतेय, आणि तुम्ही नुसते पालथे घडे. आम्ही बकरी आणि कसाई घेऊन वाक्यं केली. तिकडे त्या घरात तिला मार पडत होता.

मग फोन थांबले. सर म्हणायचे, संसारात रमली असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढे एका नातेवाइकाकडून कळलं की ती नवऱ्याला सोडून आलीये, इंदूरलाच, विजय नगरात खोली घेऊन नोकरी करतेय. बापाच्या गावात येऊन बापाकडे आली नव्हती.

सरांनी तिची खोली झाडून घेतली, पलंगावर नवी चादर घातली. तिला घरी आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो.

तिनं चहा केला, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. सरांना रडू आवरेना.

“एकदा तरी सांगायचं होतंस बेटा. असेन तसा निघून आलो असतो.”

क्षितिजानं कप खाली ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाली, “दर संडेला सांगत होते ना बाबा. सासूबाई फोनजवळच बसायच्या, बस त्यांना इंग्लिश समजत नव्हतं. हजेरीतच सांगता येत होतं मला.”

मी मान खाली घातली. बाहेर सिटी बस थांबून निघून गेली.

घरी चल, हे सरांना म्हणायचं होतं. ते त्यांच्या तोंडून निघालंच नाही.