बेलिफाची सुट्टी

समन्स घेऊन कुणाच्या दारात गेला, तर नबीलाल बेलीफ पाणीसुद्धा पीत नसे. पक्षकाराच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा नियम त्याने सारी नोकरी पाळला आणि पेन्शन तोंडावर आली असताना खर्डा गावच्या बनुबाईच्या ओसरीवर मोडला. म्हातारीने फक्त विचारलं होतं, "जेवला का, भाऊ?" बायको गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. लेक हुमेरा दूर सासरी. तिचा फोन पोरांच्या गलक्यातच संपायचा.

बनुबाईही एकटीच. तिच्या जमिनीवर पुतण्याने, कल्याणने, दावा लावलेला. नबीलाल सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊ लागला. दाव्याबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. दोघं भाकरी खात आणि शेजारच्या शेळ्यांना नावं ठेवत. या वयात आणखी काय दिवे लावणार होते?

ईदेला त्याने खोलीवर शीरखुर्मा केला. वाटायला होतं कोण? डबा घेऊन त्याने सरळ खर्ड्याची एसटी धरली. कल्याणने डबा घेऊन ओसरीवर उभ्या नबीलालचा फोटो काढला आणि कोर्टात अर्ज टाकला, की बेलीफ म्हातारीला फितूर झालाय.

सुट्टी असली म्हणून काय झालं, कोर्टाचा माणूस घरीही कोर्टाचाच. नबीलाल निलंबित झाला, चौकशी बसली. अधीक्षकांनी कानात सांगितलं, "ओळख नाही म्हण आणि सूट." नबीलाल चिडला. "डबा द्यायाच गेल्तो, सायेब. आक्का हाय ती माजी. जायची तर जाऊ द्या नोकरी." इतक्या वर्षांत त्याला प्रथमच हलकं वाटलं.

चौकशीत आधी बनुबाईला बोलावलं. शपथ घेऊन ती समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "म्या न्हाई वळखत ह्यांला. एकदा समन्स द्याया आल्ते. ईदेला पलीकडच्या आळीत कुनाकडं डबा द्यायचा हुता, म्हनून पत्ता इचाराया थांबले."

मग नबीलालची पाळी आली. आता खरं बोलावं, तर आक्का शपथेवर खोटी पडणार, आणि कल्याण त्याच जोरावर तिची जमीन ओढणार.

"बाई म्हनत्यात तसंच," तो म्हणाला.

नोकरी वाचली. व्हरांड्यात लोक पाठ थोपटू लागले, ते त्याला नकोसं झालं. बनुबाई बाहेर आली तसा तो पुढे झाला. पण कल्याण तिथेच उभा होता. तिने पदर पुढे ओढला आणि परक्या माणसाजवळून जावं तशी ती निघून गेली.

दावा निकाली निघेपर्यंत तिला असंच जावं लागणार होतं. आक्का सत्तरीची होती, आणि जमिनीचे दावे किती चालतात, याशिवाय नबीलालने उभ्या जन्मात दुसरं काय पाहिलं होतं?