स्पेनचा पेपर

शेगुला चेऊलकर बी.ए.च्या बाकी सगळ्या पेपरांत पास झाली आणि एकात नापास झाली. तो पेपर हिब्रू साहित्याचा होता. त्यातही धर्मग्रंथाचा भाग तिला चांगला गेला होता. अडलं ते पुढच्या भागावर. आठ-नऊशे वर्षांपूर्वी स्पेन देशात राहणाऱ्या यहुदी कवींच्या कविता त्यात होत्या. कॉलेजात त्या शिकवणारे प्रोफेसर वर्षाच्या मध्यावरच बायकामुलांसह इस्रायलला निघून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी कवितांचं पान उलटलंसुद्धा नाही.

हे सगळं त्रेपन्न सालचं. पनवेलात तेव्हा बेने इस्रायल यहुद्यांची घरं बरीच होती. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आपल्या प्रार्थनागृहाला ते मशीदच म्हणत. बोलणंचालणं, भांडणतंटा, लग्नातली गाणी सगळं मराठी. हिब्रू फक्त देवापुढची. पण त्या दिवसांत जो तो इस्रायलचं नाव काढू लागला होता. मुंबईत शेगुला जिच्याकडे राहून शिकली, ती तिची मिलका आत्याही तिकडे गेली. राहायची सोय संपली, तशी शेगुला ट्रंक घेऊन पनवेलला वडिलांकडे परत आली.

वडील रूबेन चेऊलकर बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठा मुलगा शालोम आधीच तिकडे जाऊन स्थिरावला होता आणि पुढच्या चैत्रात आपणही निघायचं, असं रूबेननी मनाशी नक्की केलं होतं.

"पुन्हा बसायचं परीक्षेला?" ते म्हणाले. "अगं, तिथं गेलीस की भाजीवालासुद्धा हिब्रूत बोलेल. शिकवणी कशाला हवी?"

"भाजीवाला स्पेनच्या कविता नाही म्हणणार, बाबा," शेगुला म्हणाली.

मुंबईतल्या एका मुलींच्या शाळेनं तिला पदवी मिळाल्यावर हिब्रूच्या शिक्षिकेची जागा देऊ केली होती, हे एक कारण होतं. पण खरं सांगायचं तर त्या कविता तिच्या मानगुटीवर बसल्या होत्या. कळत नव्हत्या, आणि सुटतही नव्हत्या.

शिक्षक शोधायचा म्हणजे आधी हझान. मशिदीत प्रार्थना म्हणणारे दाऊद हझान गळ्याचे गोड, स्वभावाचे त्याहून गोड. शेगुलानं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पोरी, याला खाली स्वरांच्या खुणाच नाहीत. मी खुणा बघून वाचतो. आणि वाचतो त्यातलं निम्मं मला कळत नाही, हे तुला म्हणून सांगतो."

मग तिनं पेणला एक जण आहेत असं ऐकलं. एसटीनं गेली, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते गणपतीआधीच गेले इस्रायलला. कॉलेजातल्या एका जुन्या अध्यापकांना भेटायला ती ठाण्यापर्यंत गेली. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, जीभ वळत नव्हती. त्यांनी तिचा हात धरून ठेवला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. शेगुला परत आली ती पावसानं नव्हे, निराशेनं भिजल्यासारखी.

तेव्हा दाऊद हझान एकदा मशिदीच्या पायरीवर, इकडंतिकडं बघून म्हणाले, "एक माणूस आहे. पण मी सांगितलं म्हणू नकोस. बंदराकडे मिठागरं सुरू होतात तिथं हनोख आपटेकर राहतो. मुंबईच्या शाळेत हिब्रू शिकवायचा. त्याच्यासारखा जाणकार आपल्यात दुसरा नाही."

"मग कुणी नाव का घेत नाही त्यांचं?"

"त्यानं आगऱ्यांतली बाई केली," हझान म्हणाले. "पंचवीसएक वर्षं झाली. त्याच्याकडे कुणी पाणी पीत नाही."

खाडीच्या वाऱ्यानं कुडाचं घर एका अंगाला कललं होतं. दारात एक काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई सुपात सुकट निवडत होती. ती भामा. शेगुलानं काम सांगितलं.

"मास्तर नाय शिकवीत आता," भामा म्हणाली. "डोले गेलं त्यांचं. जा गो बाय."

आतून आवाज आला, "कोण आहे? काय पाहिजे म्हणते?"

हनोख आपटेकर खाटेवर बसले होते. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे पांढरे झालेले, दाढी वाढलेली, छातीत सतत घरघर. शेगुलानं पेपरचं सांगितलं, तसा म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला.

"वाच," ते म्हणाले.

तिनं पहिली ओळ वाचली. त्यांनी तिथंच थांबवलं आणि तीच ओळ स्वतः म्हणून दाखवली. पुस्तकात जे काळ्या मुंग्यांसारखं दिसत होतं, ते त्यांच्या तोंडून पावलं टाकत चालत आलं.

तेवढ्यात भामानं चहा आणला. शेगुलापुढं कपबशी ठेवली. शेगुलानं "हो, घेते" म्हटलं आणि कप तसाच राहू दिला. तिला कुणी बजावलं नव्हतं, पण लहानपणापासून अशा गोष्टी न बजावताच अंगात भिनलेल्या असतात. बोलणं चालू राहिलं. चहावर साय धरली. थोड्या वेळानं हनोख मास्तर बोलायचे थांबले.

"भामा, कप उचल," ते म्हणाले. "हिचं शिक्षण झालं."

शेगुलाला क्षणभर कळलंच नाही. आंधळ्या माणसाला कप बशीवरून उचलल्याचा आवाज आला नव्हता, एवढंच. ती उठली, काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली. मिठागराच्या बांधावरून चालताना तिचे कान पेटल्यासारखे तापले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. आत न जाता चुलीपाशी भामाजवळ बसली. "मामी, चहा देशील का?"

भामानं तिच्याकडे पाहिलं. "कालचा नाय पिलीस तो?"

"काल चुकले."

भामानं काळा गुळाचा चहा केला, कप शेगुलाच्या हातात दिला आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलली नाही. मग आत तोंड करून म्हणाली, "पिली वो मास्तर. सगला पिली."

"मग आत पाठव," मास्तर म्हणाले.

असा अभ्यास सुरू झाला. शेगुला रोज दुपारी जाई. ती वाचे, मास्तर ऐकत आणि खाटेच्या लाकडावर बोटानं ताल धरत. "एक लघु, एक गुरू, ही झाली खुंटी," ते सांगत. "नुसता गुरू म्हणजे दोर. खुंट्या आणि दोर, तंबू ठोकतात तसा श्लोक ठोकलाय. पहिल्या अर्ध्याला दार म्हणायचं, दुसऱ्याला कडी. दार उघडतं, कडी लागते. आता म्हण." चुकलं की खेकसत. बरोबर आलं तरी शाबासकी देत नसत. फक्त पुढची ओळ मागत.

त्या कवींनी बागांवर लिहिलं होतं, मद्यावर लिहिलं होतं, आणि मेलेल्या माणसांवर तर पुष्कळच. एक कवी आपल्या भावाच्या कबरीपाशी जाऊन त्याला हाका मारतो, तो येत नाही, म्हणून रागावतो. ती कविता चालू असताना भामा काम टाकून दारात उभी राहायची. तिला एकही शब्द कळत नसे. "रडतो हाय ना यो?" एवढंच ती विचारी.

गावात अशी गोष्ट किती दिवस झाकणार? रूबेनच्या कानावर गेलीच. ते त्या दिवशी जेवले नाहीत. शेगुला घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"त्या घरात जातेस?"

"जाते."

"चहापाणी घेतेस?"

"घेते, बाबा."

रूबेन ओरडले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, "मिलकानं तुला कधी सांगितलं नाही. तिची सोयरीक त्याच्याशी झाली होती. मेंदी लागायची तेवढी राहिली होती. एका सकाळी त्याचा निरोप आला, की मी दुसरीकडे लग्न केलं. निरोप! स्वतः आलासुद्धा नाही. माझी बहीण जन्मभर तशीच राहिली. तुला जिनं ठेवून घेतलं, खाऊ घातलं, शिकवलं, तीच ती."

शेगुला रात्रभर जागली म्हणा ना. आत्याचा तो टापटीप, कुणाचीही वाट न बघणारा संसार तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना सरळ सांगितलं, "मी मिलका आत्याची भाची आहे."

मास्तरांचं बोट लाकडावर थांबलं. "बरी आहे का ती?"

"इस्रायलला गेली."

"एकटीच?"

"एकटीच."

छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. शेगुलाला वाटलं, आता ते काही बोलतील, निदान माफी मागतील. ते म्हणाले, "वाच पुढं." तिला त्यांचा संताप आला. पुस्तक मिटून निघून जावं असं वाटलं. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि तिला दुसरा शिक्षक नव्हता. तिनं वाचलं.

माघात थंडी पडली, तशी मास्तरांना धाप लागली. खाटेवरून उठता येईना. तरी शिकवणी चालू होती. तिनं वाचायचं आणि चुकल्यावर त्यांनी हात वर करायचा. एक दिवस भामा स्वतःच चेऊलकरांच्या दाराशी आली. आत आली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "बाय, मास्तर गेलं. तुमची मानसं येतील का? माज्या भावांनी उचलू म्हनलं, पन त्यांना तुमच्यातलं काय करतात ते ठावं नाय."

यहुदी रिवाजात मेलेल्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर त्यांच्यातलेच दहा पुरुष लागतात. बायका मोजत नाहीत. शेगुला घरोघर फिरली. शिक्षक शोधताना फिरली होती तशीच, फक्त आता वेळ नव्हता. त्यांच्यात प्रेत ठेवत नाहीत, त्याच दिवशी पुरतात. कुणाला ताप होता. कुणी म्हणालं, आम्ही त्याला ओळखत नाही. एका घरात माणूस आत बसला असून बायकोनं नाही म्हणून सांगितलं; त्याची चप्पल दारात होती. दाऊद हझान मात्र एका शब्दानं उठले, आणि त्यांनी आपले दोघे पुतणे घेतले. असे करत करत नऊ झाले.

शेगुला घरी आली. रूबेन सामानाच्या पेटीला खिळे ठोकत होते.

"बाबा, नऊ जण झालेत."

"मग दहावा शोध."

"तुम्ही आहात ना."

त्यांनी खिळा सरळ धरला. "मी येणार नाही."

"आता ते मेलेत, बाबा."

"मिलका जिवंत आहे," रूबेन म्हणाले आणि हातोडी मारली. मग दुसरा खिळा घेतला. खिळा वाकडा गेला. त्यांनी तो उपटला आणि पुन्हा ठोकायला घेतला. शेगुला उंबऱ्यात उभी राहिली. ते उठले नाहीत.

नऊ जणांनी हनोख आपटेकरांना पुरलं. कद्दिश झालं नाही. हझानांनी एकट्यानं म्हणता येईल तेवढं म्हटलं. प्रेत उचलण्याआधी शेगुलानं भामाशेजारी बसून ती भावाच्या कबरीवरची कविता सबंध म्हटली. तिला तीच पाठ होती. जमलेल्यांपैकी कुणी ऐकत होतं, कुणी बाहेर वाट बघत उभं होतं. भामा तोंडात पदर धरून बसली होती. तिचे भाऊ तिला त्याच आठवड्यात माहेरी, खाडीपलीकडच्या करंजाला घेऊन गेले. मास्तरांचं घर पहिल्या उधाणात आडवं झालं.

चैत्रात रूबेन निघाले. पेट्या गाडीत चढल्या. शेगुलानं परीक्षा झाल्यावर यावं, असं ते सगळ्यांना सांगत होते. पण दोघांनाही ठाऊक होतं, ती येणार नव्हती. तिनं ते बोलून दाखवलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी मी आलो नाही म्हणून तू राहतेस का?" शेवटी, गाडीचं दार धरून त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. ते खरं होतं.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचे शब्द म्हटले. ती तशीच मान खाली घालून उभी राहिली. पुढे पाच वर्षांनी ते तिकडेच वारले. त्यांची पुन्हा गाठ पडली नाही.

दाऊद हझानांनी तिला आपल्या ओटीवरची खोली दिली. पेपरात त्याच कवींवर प्रश्न आले. तिनं वृत्ताच्या प्रश्नाला पानंच्या पानं लिहिली. निकाल लागला, हिब्रूत ती पहिल्या वर्गात आली. हझानांनी मशिदीत पेढे वाटले. कुणी नको म्हटलं नाही.

जूनमध्ये ती पदवीचा कागद घेऊन मुंबईला शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं आणि सांगितलं, "आमच्या निम्म्या मुली इस्रायलला गेल्या हो. उरलेल्यांचे पालक फ्रेंच घ्या म्हणतात. हिब्रूचा वर्ग मी दिवाळीतच बंद केला. तुम्हाला कळवायला हवं होतं, राहून गेलं."

पदवीचा कागद शेगुलानं गुंडाळून परत नळीत घातला.

"शिवण येतं का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "शिवणाची जागा रिकामी आहे."

"येतं," शेगुला म्हणाली.

पुढच्या सोमवारपासून ती पाचवीच्या मुलींना काजं करायला शिकवू लागली.