वर राहिलेला हात

काल कपाट आवरताना कार्बन पेपरचा तेलकट वास आला आणि मी थेट हडपसरच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, कित्येक वर्षांपूर्वीच्या युनियनच्या सभेत जाऊन पोचले.

ऑफिसात कॉम्प्युटर यायचे होते. नोकऱ्या जातील म्हणून त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा ठराव युनियनने मांडला होता. मी गुपचूप कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, तरी सगळ्यांबरोबर हात वर केला. उठून जायलाही वाट नव्हती.

शेजारी बसलेल्या टायपिस्ट शिंदेबाईंनी मात्र हात वर केला नाही. "मागच्या सभेत मीच विरोधात बोलले होते," त्या म्हणाल्या. "आता मला ते पटत नाही. मी शिकणार."

"मग युनियन सोडा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"का म्हणून?" अध्यक्ष मोरेकाकांनी त्याला गप्प केलं. "बाई, उद्या कोणाला कामावरून काढलं, तर गेटवर निदर्शनांना याल ना?"

"सगळ्यांच्या आधी येईन."

"मग बसा. ठरावाचं पुन्हा बोलू."

हळूहळू सगळ्यांचे हात खाली आले. माझा वरच राहिला होता. शिंदेबाईंनी तो अलगद खाली ओढला आणि विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या माणसांनी मलाही धरून ठेवलं असतं, हे आज कळतं. तेव्हा मी नुसती मान हलवली, आणि कोणाला दिसू नये म्हणून क्लासला लांबच्या रस्त्याने जात राहिले.