पत्रातली न वाचलेली ओळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

पशुधन पर्यवेक्षकाच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाल्याचं पत्र ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी आलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. मोठ्या भावाला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "जोरानं वाच बे, तुझ्या वहिनीलेही आयकू दे."

मी खानावळ, पुस्तकं, गमबूट असा सगळा खर्च वाचला. भाऊ प्रत्येक रक्कम धानात मोजायचा. "दोन खंडी गेले. आता पगार सांग." मी सांगितला. तोही त्याने धानात मोजला आणि उठून उभाच राहिला. "दर महिन्याले इतके धान, आन् चिखलात पाय नाई घालाचा!"

"पण आता पैसा कुठी हाय?" वहिनीने विचारलं.

भावाने दावणीच्या दोन हल्यांकडे, नांगराच्या रेड्यांकडे पाहिलं. "एक विकतो. उरलेला शेजाऱ्याच्या हल्यासंग जुपू."

पत्रात शेवटी एक ओळ होती. प्रशिक्षणात दरमहा विद्यावेतन मिळणार होतं, खानावळ भागेल एवढं. ती मी गाळली. मला सायकल हवी होती.

हल्या विकला गेला. त्या वर्षी शेजाऱ्याचं शेत झाल्यावरच आमच्या शेतात नांगरून चिखल झाला, आणि धानाची रोवणी मागे पडली. मी मात्र नव्या सायकलवर गावात आलो. भाऊ चिखलातूनच ओरडला, "आला माह्या डॉक्टर!"

भाऊ अजून आहे, पत्रही आहे. ती ओळ त्याला वाचून दाखवणं मी अजून देणं लागतो.