तिसरा कर्नेल कोणी ठेवला?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या गिरीजच्या वाडीत विहिरीपाशी बाई दिसते म्हणून पोरं घाबरायची, तेव्हा "दिसली तर दोन कळश्या भरून द्यायला सांगा" म्हणणारी मी! तरी हा अनुभव लिहितेय…

साल २००३. वालीवला डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. चाळिशी उलटलेली, बॉबकट, आणि जगातली सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आलीय अशी ठाम समजूत. "बाईमाणसाच्या हाती सर्व्हर?" असं सगळे म्हणत असताना मालकांनी मला ठेवलं होतं. कारखान्याची यच्चयावत ड्रॉइंग्ज त्या एकाच मशीनमध्ये.

त्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा सोर्स कोड उतरवला आणि कर्नेल पुन्हा बांधायला घेतला. कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा – तो उठला तरच बाकीचे उठणार. केळीची सुकी पानं छाटावीत तसे नको ते ड्रायव्हर मी छाटले. त्यात हार्डडिस्क ओळखणारा ड्रायव्हरच गेला! नवा कर्नेल बसवला की आधीचा 'ओल्ड' म्हणून आपोआप बाजूला राहतो. पण या शहाणीने मशीन रीस्टार्ट करून न बघताच आणखी एक बारीक बदल केला आणि पुन्हा बसवला. म्हणजे नवा बिघडलेला, 'ओल्ड'ही बिघडलेला. मूळचा चांगला कर्नेल पुसला गेला.

रीस्टार्ट केलं… दोन्ही कर्नेलना डिस्क सापडेना.

तेवढ्यात मालक आले. "बाई, जेवणानंतर पार्टी येतेय ड्रॉइंग बघायला. दाखवाल ना?"

"दाखवते की!"

"नाहीतर सगळे मला म्हणतील, 'बघा, सांगितलं होतं.'"

"आणि मला काय म्हणतील?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही उद्या इथे असणार थोड्याच!" हसले, पण अर्धेच.

कर्नेल उठण्याआधीच्या काळ्या स्क्रीनवर, त्या ड्रायव्हरशिवायही, डिस्कवरची नावं तेवढी बघता येतात. काही सुचेना म्हणून बघितली. तिसरा कर्नेल होता! नाव – asude. असू दे.

मी ठेवलेला नव्हता. पासवर्ड फक्त माझ्याकडे. रिकामे डबे, सुतळ्या, फुटक्या बरण्यांची झाकणं जपत "असू दे, लागेल" म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई… मी त्यांना खूप हसायचे. पण त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कॉम्प्युटर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

ते नाव टाइप केलं. मशीन उठलं! सगळी ड्रॉइंग्ज जागच्या जागी. मी क्रूसाची खूण केली आणि मोठ्याने म्हटलं, "थँक्यू हं!"

"मला कशाला थँक्यू?" मागून मालक. "चला, पार्टी आलीय."

त्या खुर्चीवर मी पुढे रिटायर होईपर्यंत बसले.

कॉम्प्युटर शिकलेली नात म्हणते, "आजी, तूच कॉपी करून ठेवला असशील, विसरलीस."

अगं, तेव्हाच्या मला तू ओळखत नाहीस. त्या बयेला एवढी अक्कल असती, तर लिहायला काही उरलंच नसतं. उलगडा आजही नाही. पण ज्याने, किंवा जिने, तो ठेवला… तुझे उपकार गं बाई.